आरव्हीची पहिली सहल: ब्रेकर सारखा पडतो, पहाटे फर्नेस थांबते, रिकामी टाकी 'फुल' दाखवते

अमेरिकेत आरव्ही, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी किंवा ट्रेलर, विकत घेऊन किंवा भाड्याने काढून पहिल्यांदा सहकुटुंब निघालेल्यांच्या तक्रारी जवळजवळ ठरलेल्या असतात. सकाळी मायक्रोवेव्ह लावला की सगळं बंद पडतं. पहाटे फर्नेसचा पंखा नुसता फिरतो, हवा गार येते. बॅटरी भरलेली असूनही भिंतीतल्या सॉकेटवर मिक्सर चालत नाही. टाकी आत्ताच रिकामी केली, तरी पॅनेलवर 'फुल'चा दिवा तसाच. बहुतेक वेळा यात गाडीचा काहीही बिघाड नसतो. कोणती वस्तू कशावर चालते हे ठाऊक नसतं आणि ताबा देणाऱ्याने ते वीस मिनिटांत घाईघाईने सांगितलेलं असतं. म्हणून दुरुस्तीवाल्याला फोन करण्याआधी हे वाचा.

आरव्हीत तीन स्वतंत्र पुरवठे असतात.

पहिला १२ व्होल्टचा, म्हणजे गाडीच्या राहत्या भागाच्या बॅटरीवरचा. दिवे, पाण्याचा पंप, फर्नेसचा पंखा, छतातले पंखे, गॅसगळतीचा अलार्म, बाहेर सरकणारी स्लाइड, विजेवरचे जॅक यावर चालतात. शिवाय गॅसवरच्या फ्रिजचा आणि गीझरचा कंट्रोल बोर्डही यावरच असतो, त्यामुळे सिलिंडर भरलेला असूनही बॅटरी मेली की गीझर पेटत नाही.

दुसरा १२० व्होल्टचा, अमेरिकेतल्या घरात असतो तसा. एसी, मायक्रोवेव्ह, भिंतीतली सॉकेट आणि गीझरमधलं विजेचं एलिमेंट यांना हाच लागतो. कॅम्पग्राउंडच्या पेडेस्टलला, म्हणजे साइटवरच्या विजेच्या खांबाला, केबल जोडली असेल किंवा जनरेटर चालू असेल तेव्हाच तो मिळतो.

तिसरा प्रोपेन. शेगडी, फर्नेसची ज्योत, गीझर आणि जुन्या पद्धतीचा, कॉम्प्रेसरऐवजी उष्णतेवर गार करणारा शोषण (अ‍ॅबसॉर्प्शन) फ्रिज त्यावर चालतात.

कन्व्हर्टर नावाची पेटी १२० व्होल्टचे १२ व्होल्ट करते आणि बॅटरी भरते. उलट दिशेने, म्हणजे बॅटरीतून १२० व्होल्ट काढायला, इन्व्हर्टर लागतो. साध्या ट्रेलरमध्ये तो बहुधा नसतोच. बॅटरी भरलेली असून सॉकेट मेलेलं का, याचं उत्तर इथेच मिळालं. पुढे काहीही बंद पडलं की आधी विचारायचं: हे तिघांपैकी कशावर चालतं?

ब्रेकर सारखा पडतो

लहान आणि मध्यम आरव्हीचा प्लग तीन पायांचा, ३० अँपचा असतो. ३० अँप गुणिले १२० व्होल्ट म्हणजे ३,६०० वॉट, आणि तासन्‌तास चालणारा भार त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत, म्हणजे २४ अँपच्या आत ठेवायचा. चार पायांच्या ५० अँपच्या प्लगमध्ये १२० व्होल्टच्या दोन स्वतंत्र लाइन असल्यामुळे १२,००० वॉट मिळतात. नाव ३० आणि ५०, पण क्षमता तिपटीहून जास्त. मोठ्या गाडीत राहून आलेल्या मित्राचा सल्ला छोट्या गाडीला लागू पडत नाही तो यामुळे.

आता खर्च बघा. छतावरचा १३,५०० बीटीयूचा एसी चालू असताना साधारण १३ अँप घेतो आणि कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर त्याहून कितीतरी जास्त. मायक्रोवेव्हवर १,००० वॉट लिहिलेले असले तरी ती अन्नाला मिळणारी ताकद. भिंतीतून तो १,५०० वॉटच्या आसपास, म्हणजे १२ ते १३ अँप ओढतो. गीझरचं एलिमेंट १,४४० वॉटचं, १२ अँप. जमिनीवर ठेवायचा हीटर १,५०० वॉटचा, साडेबारा अँप. सहा क्वार्टचा विजेवरचा कुकर १,००० वॉट, आठ अँपच्या वर. बॅटरी उतरलेली असेल तर कन्व्हर्टर पाच ते आठ अँप घेतो. शोषण फ्रिज विजेवर ठेवला तर तीन.

एसी १३, गीझर १२, कन्व्हर्टर ५ मिळून ३० झाले. हे चाललं असताना कुणी पोहे गरम करायला मायक्रोवेव्ह लावला की ४३. ब्रेकर थोड्या जादा भाराला लगेच पडत नाही, तापत तापत काही मिनिटांनी पडतो. त्यामुळे दोष शेवटी लावलेल्या वस्तूला मिळतो आणि खरा भार नजरेआड राहतो.

हा नजरेआडचा भार बहुतेक वेळा गीझर असतो. मुलांच्या आंघोळी झाल्या की त्याचा थर्मोस्टॅट आपणहून एलिमेंट चालू करतो. दिवा नाही, आवाज नाही. एसीच्या दिवसांत गीझर आणि फ्रिज दोन्ही गॅसवर ठेवा. एवढ्यानेच १५ अँप मोकळे होतात आणि बहुतेकांचा प्रश्न इथेच मिटतो. गीझर विजेवरच हवा असेल तर रात्री झोपण्याआधी तासभर चालू करून बंद करायचा.

तरीही पडत असेल तर नेमका कोणता ब्रेकर पडला ते पाहा, कारण जागा तीन आहेत. पेडेस्टलवरचा पडला किंवा गाडीतल्या पॅनेलचा मुख्य ३० अँपचा पडला तर एकूण भार जास्त. पॅनेलमधला १५ किंवा २० अँपचा एखादाच पडला तर त्या एका सर्किटवर गर्दी झाली: स्वयंपाकाच्या ओट्यावर कुकर आणि केटली एकत्र लावली की २० अँपच्या वर जातात, आणि ती सॉकेट बहुधा १५ अँपच्या एकाच ब्रेकरवर असतात. कुकर बाहेरच्या टेबलापाशी न्या, पण बाहेरचं सॉकेट वेगळ्या सर्किटवर आहे का ते आधी तपासा. बऱ्याच गाड्यांत ते त्याच सर्किटवर असतं.

पडलेल्या ब्रेकरचा खटका मधोमध अडकतो. तो सरळ वर ढकलून लागत नाही. आधी पूर्ण 'ऑफ', मग 'ऑन'. पण त्याआधी एसी बंद करा आणि पाच मिनिटं थांबा. कॉम्प्रेसरमधला दाब उतरण्याआधी वीज परत आली तर मोटर अडकून राहते, प्रचंड करंट ओढते आणि ब्रेकर पुन्हा पडतो. 'परत परत पडतोय' अशी तक्रार असते तेव्हा बऱ्याचदा ही पाच मिनिटं कुणी दिलेली नसतात.

भार बेतात असूनही पडत असेल तर दोष पेडेस्टलचा असू शकतो. कॅम्पग्राउंडचे ब्रेकर वर्षानुवर्षं तापून थकलेले असतात आणि २३-२४ अँपलाच पडू लागतात. सॉकेटचे स्प्रिंग ढिले झाले की प्लग तापतो. जोडून अर्ध्या तासाने प्लगला हात लावा: कोमट चालेल, चटका बसला तर नाही. पाय काळे पडले असतील किंवा प्लास्टिक वितळलेलं असेल तर ऑफिसात सांगून साइट बदलून घ्या. जोडताना आणि काढताना पेडेस्टलचा ब्रेकर नेहमी बंद ठेवा. चालू लाइनवर प्लग ओढल्यानेच ठिणगी उडून पाय जळतात.

उन्हाळ्याच्या संध्याकाळी सगळ्या साइटवर एसी लागतात तेव्हा व्होल्टेज खाली येतं. सॉकेटमध्ये खोचायचा छोटा व्होल्टमीटर अगदी स्वस्त मिळतो; पहिल्याच दिवशी लावून ठेवा. १०५ च्या खाली गेलं की एसी बंद करा. कमी व्होल्टेजवर कॉम्प्रेसर जास्त करंट घेतो आणि गुंडाळी तापते. नुसता सर्ज प्रोटेक्टर यात काहीच करत नाही. व्होल्टेज, उलटी वायरिंग आणि तुटलेला न्यूट्रल ओळखून वीज तोडणारं ईएमएस वेगळं असतं, महागही असतं, आणि आमच्या मते विकत घेतलेल्या गाडीला ते हवंच. वीज जोडल्यावर ते सुमारे दोन मिनिटं काहीच देत नाही. ते बिघडलेलं नसतं, तपासत असतं.

घरी ड्राइव्हवेत गाडी ठेवून नेहमीच्या १५ अँपच्या सॉकेटला अडॅप्टरने जोडता येते. तेव्हा हातात १,८०० वॉट असतात. बॅटरी भरणं आणि फ्रिज आधीच गार करणं एवढंच करा, एसी नको. केबल १२ गेजची आणि शक्य तितकी आखूड घ्या. गॅरेजमधली पातळ नारिंगी वायर गुंडाळलेल्या अवस्थेत वापरली तर आतून वितळते.

घरी ३० अँपचं सॉकेट बसवून घेणार असाल तर इलेक्ट्रिशियनला समोर उभं राहून सांगा की हे १२० व्होल्टचं आहे. तीन पायांचं ३० अँपचं सॉकेट दिसलं की कपडे वाळवायच्या यंत्राचं समजून तिथे २४० व्होल्ट जोडण्याची चूक वारंवार होते. गाडी जोडताक्षणी मायक्रोवेव्ह, कन्व्हर्टर, फ्रिजचा बोर्ड, सगळं जळतं. पहिल्यांदा जोडण्याआधी मीटरने मोजा.

भारतातून आणलेला २३० व्होल्टचा मिक्सर इथे संथ फिरतो आणि तापतो. अमेरिकेसाठीचा ११० व्होल्टचा साडेपाचशे वॉटचा मिक्सर पाच अँपमध्ये चालतो, त्याची चिंता नको.

सगळी वीज आहे, पण काही सॉकेट मेलेली

ब्रेकर शोधत बसण्याआधी बाथरूममध्ये जा. तिथल्या सॉकेटवर 'टेस्ट' आणि 'रिसेट' अशी दोन बटणं असतात. करंट गळला की वीज तोडणाऱ्या अशा सॉकेटला जीएफसीआय म्हणतात. त्या एकावर स्वयंपाकघराची आणि बाहेरची सॉकेटसुद्धा लटकवलेली असतात. पावसात बाहेरच्या सॉकेटमध्ये ओल गेली की तो पडतो. रिसेट दाबा. राहत नसेल तर बाहेरचं सॉकेट कोरडं करा आणि पुन्हा दाबा. घरच्या ड्राइव्हवेत जोडताच घराचा जीएफसीआय पडत असेल तर पॅनेलमधले सगळे ब्रेकर बंद करून एकेक चालू करत जा. गीझरच्या ब्रेकरला पडला तर एलिमेंट फुटून पाण्यात करंट गळतो आहे.

पहाटे फर्नेस थांबते

हुकअप, म्हणजे वीज-पाणी-सांडपाण्याची जोडणी, नसलेल्या साइटवर हे हमखास होतं, आणि सुंदर साइट बऱ्याचदा बिनहुकअपच्या असतात. योसेमिटीच्या कॅम्पग्राउंडमध्ये हुकअप नाहीत. ग्रँड कॅनियनच्या दक्षिण कड्यावर माथर कॅम्पग्राउंडला नाहीत, शेजारच्या ट्रेलर व्हिलेजला आहेत. यलोस्टोनमध्ये फिशिंग ब्रिजचा आरव्ही पार्क सोडला तर कुठे नाहीत.

लक्षण असं: पंखा सुरू होतो, हवा गारच येते, थोड्या वेळाने टकटक आवाज येऊन थांबते किंवा पंखा फिरतच राहतो. गॅस संपला असं वाटतं, पण शेगडी मात्र व्यवस्थित पेटते.

फर्नेसमध्ये पंख्याच्या वाऱ्याने सरकणारी एक पातळ पट्टी असते, सेल स्विच. वारा पुरेसा जोरात आहे अशी खात्री झाल्यावरच ती गॅस उघडू देते. बॅटरी उतरली की पंखा संथ फिरतो, पट्टी सरकत नाही, ज्योत पेटत नाही. ही सुरक्षेची सोय आहे, तिच्याशी खेळू नका.

हिशोब मांडून बघा. ट्रेलरबरोबर येणारी ग्रुप २४ ची एक बॅटरी साधारण ७५ अँप-तासांची. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याहून खाली उतरवायची नाही, म्हणजे हातात ३७. फर्नेसचा पंखा साडेसात अँप घेतो. आठ तासांच्या थंड रात्री निम्मा वेळ फिरला तर ३० अँप-तास गेले. अलार्म, फ्रिजचा बोर्ड, संध्याकाळचे दिवे, पंप मिळून आणखी १५. बेरीज ४५. पहाटे चारच्या सुमारास का थांबते ते यातून दिसतं. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज असलेल्या नव्या गाड्यांत तर मध्यरात्रीच.

पंखा फिरतच राहिला असेल तर थर्मोस्टॅट आधी बंद करा, नाहीतर उरलीसुरली बॅटरीही जाईल. मग मीटरने बॅटरी मोजा. सगळा भार बंद ठेवून काही वेळाने १२.६ च्या वर म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे लगेच भरायला हवी. पॅनेलवरच्या चार दिव्यांवर विसंबू नका. चार्जिंग चालू असताना ते सगळे लागतातच.

जनरेटरने भरायची तर वेळा आधी वाचा. योसेमिटीत सकाळी ७ ते ९, दुपारी १२ ते २ आणि संध्याकाळी ५ ते ७ एवढीच परवानगी आहे. शिसे-आम्लाची बॅटरी सुरुवातीला भराभर भरते, शेवटचा पाव हिस्सा मात्र तासन्‌तास घेते. दोन तासांत ती पूर्ण होत नाही, म्हणून संध्याकाळची पाळी चुकवू नका.

कायमचा उपाय बॅटरी वाढवणं. सहा व्होल्टच्या दोन गोल्फ-कार्ट बॅटऱ्या एकामागे एक जोडल्या की १२ व्होल्टचे २२० अँप-तासांच्या आसपास मिळतात, निम्मे वापरले तरी दोन थंड रात्री निघतात. १०० अँप-तासांची लिथियम जवळजवळ पूर्ण वापरता येते, पण ती गोठणबिंदूखाली चार्ज करता येत नाही आणि जुना कन्व्हर्टर तिला पूर्ण भरत नाही. दोन्हींची सोय करून मगच घ्या. तोवर थर्मोस्टॅट ६० फॅरनहाइटवर आणि जाड रजया. शेगडी किंवा ओव्हन पेटवून गाडी गरम करायची नाही, अर्धा तासही नाही. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो, आणि त्याला वास नसतो.

वीज जोडलेली असूनही बॅटरी उतरत असेल तर प्रश्न वेगळा. चार्ज होताना बॅटरीच्या टोकांवर १३.२ किंवा त्याहून जास्त दिसायला हवेत. १२.४ दिसून हळूहळू उतरत असतील तर कन्व्हर्टर काम करत नाही. क्रम असा: बॅटरी तोडायचा स्विच 'स्टोअर'वर राहिला आहे का, पॅनेलमधला कन्व्हर्टरचा ब्रेकर पडला आहे का, आणि कन्व्हर्टरचे उलट-जोडणीचे दोन मोठे फ्यूज, बहुधा ३० किंवा ४० अँपचे, उडाले आहेत का. हे फ्यूज बॅटरी उलटी जोडल्यावरच उडतात. मोटारीत काळी वायर ऋण असते, पण ट्रेलरच्या १२ व्होल्टच्या वायरिंगमध्ये काळी धन आणि पांढरी ऋण. नवी बॅटरी बसवणारा मोटारीच्या सवयीने जोडतो आणि फसतो. काढण्याआधी फोटो काढून ठेवा.

टोइंग करताना गाडीच्या सात पिनांच्या वायरमधून बॅटरी भरते खरी, पण ती वायर बारीक आणि लांब असते. पाच तास गाडी चालवली म्हणजे बॅटरी भरली, असं धरून चालू नका.

गरम पाणी नाही, किंवा फक्त कोमट

पूर्ण गार असेल तर गीझरच्या मागचे बायपासचे व्हॉल्व्ह बघा. हिवाळ्यात गोठणरोधक भरताना गीझर वगळण्यासाठी ते फिरवतात आणि वसंतात परत फिरवायचं राहून जातं. पाणी गीझरमध्ये जातच नाही.

कोमट येत असेल तर बाहेरच्या शॉवरचं झाकण उघडून बघा. मुलांचे पाय धुऊन झाल्यावर शॉवरच्या मुठीवरचं बटण बंद केलेलं असतं, पण गरम-गार दोन्ही नळ उघडेच असतात. तिथून गार पाणी गरम नळीत शिरतं आणि सगळ्या घराचं पाणी कोमट होतं. दोन्ही नळ घट्ट बंद करा.

विजेवर तापत नसून गॅसवर तापत असेल तर एलिमेंट जळलं आहे. गीझर रिकामा असताना विजेचा स्विच लावला तर ते काही क्षणांत जातं, आणि पहिल्या सहलीत ही चूक सहज होते. स्विच लावण्याआधी स्वयंपाकघरातला गरम नळ उघडा. हवेचे फुसकारे थांबून धार सलग येईपर्यंत सोडा, मगच स्विच. काही गीझरना बाहेरच्या झाकणामागे, खाली डाव्या कोपऱ्यात आणखी एक छोटा काळा स्विच असतो. तोही लागतो.

गॅसवर पेटत नसेल तर सिलिंडर एकदम उघडला असेल. झटक्याने उघडला की आतली सुरक्षा झडप समजते नळी फुटली आणि गॅस अगदी थेंबभर सोडते. पूर्ण बंद करा, सगळी उपकरणं बंद, काही मिनिटं थांबा, मग सिलिंडर हळूहळू उघडा. शेगडी पेटवून ज्योत निळी आणि स्थिर होईपर्यंत ठेवा. नळीतली हवा निघते. त्यानंतर गीझर आणि फ्रिज.

सहा गॅलनचा गीझर म्हणजे जेमतेम एक मोठी बादली कढत पाणी. चौघांच्या सलग आंघोळी त्यात होत नाहीत. हुकअप असेल आणि एसी बंद असेल तर गॅस आणि वीज दोन्ही एकदम लावा, पुन्हा लवकर तापतं.

फ्रिज

शोषण फ्रिजला गाडी समतल लागते: आडवी तीन अंशांच्या आत, लांबीत सहा अंशांच्या आत. गार व्हायला आठ ते बारा तास, त्यामुळे आदल्या दिवशीच लावा आणि घरून गार केलेलंच सामान भरा. गरम आमटीचं पातेलं आत ठेवलं तर दुधाचं दही होईल. साडेपाच हजार फुटांच्या वर गॅसवर तो कुरकुरतो. यलोस्टोनमधला फिशिंग ब्रिज साडेसात हजारांच्या वर आहे, तिथे हुकअप आहेत, तेव्हा विजेवर ठेवा.

पाणी

कॅम्पग्राउंडच्या नळाचा दाब कधीकधी १०० पीएसआयच्या वर जातो आणि आरव्हीच्या प्लास्टिकच्या नळ्यांचे सांधे सुटतात. नळाच्या तोंडाशीच, नळीच्या आधी, ४० ते ५० पीएसआयचा पितळी रेग्युलेटर लावा. पंप वापरत असताना कुणीही नळ उघडला नाही तरी तो मधूनच घुरघुरत असेल तर कुठेतरी थेंब गळतो आहे. टॉयलेटमागची जोडणी आधी चाचपून पाहा. नळाचं पाणी जोडलं की ताज्या पाण्याची टाकी आपोआप भरून खालून वाहायला लागली, तर पंपाची एकदिशा झडप गेली.

टाकी रिकामी केली, तरी 'फुल'

टाकीच्या भिंतीत एक तृतीयांश, दोन तृतीयांश आणि पूर्ण अशा उंचीवर धातूच्या खिळ्यांसारखे सेन्सर असतात. त्यांच्यात ओल असली की सर्किट पुरं होतं. वरच्या खिळ्यावर कागदाचा ओला तुकडा चिकटला की तो 'फुल' सांगत राहतो. नव्या गाडीत हे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच सुरू होतं. खरी पातळी बघायची तर टॉयलेटचं पेडल दाबून टॉर्च मारा.

सेन्सर खोटं बोलणं त्रासाचं, पण खरा धोका ढिगाऱ्याचा. फुल हुकअप मिळाला म्हणून ब्लॅक टँकचा, म्हणजे टॉयलेटच्या टाकीचा, व्हॉल्व्ह उघडा ठेवला की पातळ वाहून जातं आणि घट्ट मैला टॉयलेटच्या बरोबर खाली साठत जातो. चार दिवसांत त्याचा डोंगर होऊन वरपर्यंत येतो. म्हणून ब्लॅकचा व्हॉल्व्ह नेहमी बंद. दोन तृतीयांश तरी भरल्यावर उघडायचा, म्हणजे पाण्याच्या लोंढ्याबरोबर सगळं बाहेर पडतं. आधी ब्लॅक, तो बंद करून मग ग्रे (सिंक आणि शॉवरच्या पाण्याची टाकी), म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुतली जाते. त्यासाठी ग्रेही आदल्या दिवसापासून बंद ठेवून साठवावा लागतो. शेवटी ब्लॅकमध्ये दोन-तीन गॅलन स्वच्छ पाणी आणि टाकीचं औषध टाकून मगच निघायचं. कोरड्या टाकीत पहिली घाण पडली की तळाला चिकटते.

पाण्याची कंजुषी हे यामागचं मूळ आहे. टाकी लवकर भरू नये म्हणून लोक पेडल क्षणभर दाबतात. उलट करायला हवं: बसण्याआधी वाडगा अर्धा भरा, नंतर पाच-सहा सेकंद धार सोडा. शौचाला पाणी वापरायची आपली सवय इथे फारच उपयोगी पडते. कागद कमी, पाणी जास्त, टाकीला हेच हवं असतं. टाकी एक दिवस आधी भरेल, भरू द्या. कागद वापरणाऱ्यांनी पाण्यात लगेच विरघळणारा घ्यावा. 'फ्लश होणारे' म्हणून विकले जाणारे ओले वाइप्स टाकायचे नाहीत. लहान मुलांना हे दाखवून सांगा.

डोंगर झालाच असेल तर व्हॉल्व्ह बंद करून टाकी दोन तृतीयांश पाण्याने भरा, औषध टाका, रात्रभर राहू द्या आणि सकाळी वळणावळणाच्या रस्त्याने चालवत डंप स्टेशनला, म्हणजे टाक्या रिकाम्या करायच्या जागी, न्या. टॉयलेटमधून आत घालायचा फिरत्या तोंडाचा पाइप मिळतो, त्याने उरलेलं फुटतं. लोखंडी सळई घालू नका, टाकीला भोक पडेल. गाडीला टाकी धुण्याची बाहेरून जोडणी असेल तर ती वापरताना व्हॉल्व्ह उघडा ठेवा आणि तिथून हलू नका. व्हॉल्व्ह बंद आणि नळ चालू राहिला तर घाण छपरावरच्या नळीतून किंवा टॉयलेटमधून वर येते.

आता ग्रे टँक, जिथे मराठी स्वयंपाक थेट आडवा येतो. फोडणीचं तेल आणि तूप थंड टाकीत थिजतं, त्याला वरणाचा गाळ, भाताची शितं आणि चहाचा चोथा चिकटतो आणि सेन्सरवर त्याचाच लेप बसतो. ताटं-पातेली कागदाने पुसून मग सिंकमध्ये. सिंकला बारीक जाळी. कढईतलं उरलेलं तेल डब्यात भरून कचऱ्यात. टाकी भरल्याची पहिली खबर पॅनेल देत नाही, शॉवरचा तळ देतो: सगळ्यात खालचं भोक तेच, त्यामुळे भांड्यांचं पाणी तिथे वर येतं. तसं दिसलं की सिंकचा नळ ताबडतोब बंद. ३० गॅलनची टाकी चार माणसांची भांडी आणि आंघोळी धरून दोन दिवसांत भरते.

फोडणी शक्यतो बाहेर, टेबलावरच्या एकबर्नर शेगडीवर करा. आत केली तर छताचा पंखा लावून खिडकी उघडा. धुराचा अलार्म वाजला म्हणून त्याची बॅटरी काढायची नाही. जमिनीलगतचा गॅसचा अलार्म मात्र रात्री टुकटुक करत असेल तर बऱ्याचदा गॅस नसून गाडीची १२ व्होल्टची बॅटरी उतरलेली असते. तरी आधी शेगडीचे खटके आणि वास तपासा. तो पूर्ण, सलग वाजला तर तपासत बसू नका: सगळ्यांना घेऊन बाहेर, सिलिंडर बंद, मग पुढचं.

वास येतो म्हणून टाकीत आणखी औषध ओतू नका, आधी वाट कुठून आहे ते पाहा. टॉयलेटच्या वाडग्यात तळाला थोडं पाणी टिकायला हवं. तासाभरात ते उतरत असेल तर रबरी सीलमध्ये कागद अडकला आहे. हातमोजे घालून कडेने पुसून काढा. प्रवासात हिंदकळून सिंक आणि शॉवरखालच्या वळणातलं पाणी सांडतं, मुक्कामाला पोचल्यावर प्रत्येकात एकेक पेला पाणी ओता. बाथरूमचा पंखा चालू असताना फ्लश केलं तर तो टाकीतली हवा थेट आत ओढतो, म्हणून आधी पंखा बंद, मग पेडल. एवढं करूनही सिंकखालच्या कपाटातच वास असेल तर तिथे नळीच्या टोकाला बसवलेली हवेची छोटी झडप चिकटली आहे. ती हाताने फिरवून निघते. नवी बसवायला पाच मिनिटं लागतात, सांध्यावर टेफ्लॉन टेपचे दोन-तीन वेढे द्या.